एकमेकांची वाट पाहा : आमच्या मंडळीच्या कमिटीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि कमिटीतील सर्व बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

मागच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी आईने दुपारपर्यंत मला चार वेळा विचारलं, "पाळकसाहेब आले का गं?" तिला आता नीट दिसत नाही, पण पहिला रविवार तिला बरोबर कळतो. त्या दिवशी ती सकाळीच केस विंचरून घेते, उशीला टेकून बसते आणि दाराकडे कान लावते. तिने अंथरूण धरल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, मंडळी तिच्यासाठी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, घरी घेऊन येत होती. त्या दिवशी कोणी आलं नाही. माझ्या फोनवर एक लिंक आली आणि तिच्याखाली सूचना होती, की घरी असलेल्या सभासदांनी यापुढे थेट प्रक्षेपणातून सहभागी व्हावं. मी फोन आईसमोर धरला. पडद्यावर पाळकसाहेबांनी भाकर मोडली. "घ्या, खा" हे शब्द ऐकून आईने सवयीने हात पुढे केला आणि तो बराच वेळ तसाच पुढे राहिला.

तो हात मला विसरता येत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

याआधी मी तुम्हाला दोन खाजगी पत्रं दिली. उपासना संपल्यावर दोघा वडीलजनांशी समक्ष बोलले. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, कमिटीचा निर्णय झाला आहे. निर्णय सगळ्या मंडळीवर लागू आहे, तर त्याच्याबद्दलचं म्हणणंही सगळ्या मंडळीसमोर यावं असं मला वाटतं. मंडळीच्या चुका चारचौघांत कशाला काढायच्या, असं काहींना वाटेल. बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या सुरुवातीला आसियातल्या सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रं आहेत. इफिसच्या मंडळीने आपली पहिली प्रीती सोडली, लावदिकीया कोमट झाली, हे त्या एका पुस्तकातून बाकीच्या मंडळ्यांनीही वाचलं. त्या पत्रांत दोष दाखवण्याआधी प्रभू म्हणतो की तुमची कृत्यं मला ठाऊक आहेत. मीही तिथूनच सुरुवात करते.

तुमची कृत्यं मला ठाऊक आहेत. २०२० साली दारं बंद झाली तेव्हा तुमच्यापैकी कोणालाही कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय नव्हती. तरी तुम्ही उपासना घरोघरी पोहोचवली. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांना दर रविवारी फोन करून शास्त्रभाग वाचून दाखवलात. दफनाला चार माणसं जमणं कठीण होतं, तेव्हा पाळकसाहेब तिथे उभे राहिले. त्या काळात थेट प्रक्षेपण हे आमच्यासाठी देवाचं देणंच होतं. त्या पडद्यावर माझा राग नाही. ज्या दिवसांत कोणालाच कोणाच्या घरी जाता येत नव्हतं त्या दिवसांची ती सोय होती. आता रस्ते उघडे आहेत, दारं उघडी आहेत, आणि तरीही आपण जाणार नाही, हे मला स्वीकारता येत नाही.

ज्यांना पूर्ण माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. कमिटीने हे वर्ष 'नवीकरण वर्ष' म्हणून जाहीर केलं आहे. त्यात सकाळी सातची उपासना बंद करून दहा वाजता एकच उपासना ठेवली. बुधवारची प्रार्थनासभा थांबवली. घरी नेलं जाणारं प्रभुभोजन थांबवलं. मुलांचं संडे स्कूल मुख्य उपासनेच्याच वेळी मागच्या खोलीत हलवलं, त्यामुळे मुलं आता मोठ्यांबरोबर उपासनेत बसतच नाहीत. आणि आतल्या बाजूच्या नूतनीकरणासाठी निधी सुरू केला. हे सगळं एका रविवारी आशीर्वचनाच्या आधी, सूचनांमध्ये वाचून दाखवण्यात आलं.

बदलाला माझा विरोध आहे असं कृपा करून समजू नका. तेवीस वर्षं मी संडे स्कूलमध्ये शिकवते आहे आणि दरवर्षी माझ्यासमोर नवी मुलं असतात. मात्र एका बदलाला मी एकदा फार विरोध केला होता, तेही सांगायला हवं. तरुण संघाने गिटार आणि ड्रम आणायची परवानगी मागितली, तेव्हा वार्षिक सभेत उठून मी जवळजवळ दहा मिनिटं विरोधात बोलले. मुलंही बोलली. शेवटी मतं घेतली आणि माझं म्हणणं पडलं. घरी जाताना मला वाईट वाटलं, पण पुढच्या रविवारी मी माझ्या नेहमीच्या बाकावर होते. नंतर आई दवाखान्यात असताना त्याच मुलांपैकी एक जण रात्री येऊन तिच्या उशाशी बसायचा आणि तिला आवडणारं जुनं गीत हळू आवाजात म्हणायचा. मी चुकले होते. पण त्या सभेत मला माझं म्हणणं मांडता आलं होतं, म्हणून हरल्यावरही मी मंडळीत राहू शकले. यावेळी ज्यांना कोणी विचारलंच नाही ते भांडतही नाहीत. त्यांचे बाक रिकामे होत चालले आहेत.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार हीच, की मंडळीला विचारलं नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय तुम्ही आम्हाला किती वेळा शिकवला आहे! यरुशलेमेतल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होतं, म्हणून कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. त्यांनी सगळ्या शिष्यगणाला एकत्र बोलावलं आणि सांगितलं की माणसं तुम्हीच निवडा. जे सात जण निवडले गेले, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव, त्यांची नावं वाचा. सगळी ग्रीक आहेत. तक्रार ज्यांच्या विधवांची होती, वाटणीचं काम बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती गेलं. आणि पुढच्याच ओळीत त्या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला. वाढीचा संबंध त्याने त्या सभेशी जोडला आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पंधराव्या अध्यायात तर प्रश्न याहून कितीतरी मोठा होता. परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी, सुंता करावी की नाही, यावर मंडळी दुभंगण्याची वेळ आली होती. तिथेही पुष्कळ वादविवाद झाला असं स्पष्ट लिहिलं आहे. पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, लोकांनी ऐकून घेतलं, मग याकोबाने निर्णय मांडला, आणि निर्णयाचं पत्र अंत्युखियाच्या मंडळीला एकत्र जमवून तिच्या हाती दिलं. आपल्याकडे सकाळच्या उपासनेची वेळ बदलायला एक सभासद सभा भरू नये?

दुसरी तक्रार घरच्या प्रभुभोजनाची. 'वेळ पुरत नाही, पाळक एकटे आहेत', असं मला सांगण्यात आलं. ते खरं आहे. पाळकसाहेबांची धावपळ मी पाहते आणि त्यांच्यावर माझा दोषारोप नाही. पण हे काम एकट्या पाळकाचं कधीच नव्हतं. दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये राहणाऱ्या जस्टिनने, ज्याला पुढे विश्वासासाठी मरण आलं, ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात ते रोमी सम्राटाला लिहून कळवलं. शहरात आणि खेड्यांत राहणारे एका जागी जमतात, शास्त्र वाचलं जातं, प्रार्थना होते, भाकर आणि द्राक्षारस सर्वांना वाटला जातो, आणि जे हजर नाहीत त्यांच्यासाठी डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, तो घेऊन जातात. उपासनेचं इतकं जुनं वर्णन फारसं कुठे मिळत नाही, आणि त्यात गैरहजर माणसाची आठवण आहे. तेव्हा आपल्या लोकांजवळ ना इमारत होती ना सुरक्षितता, वरून पकडलं जाण्याची भीती. तरी कोणीतरी ती भाकर हातात घेऊन रस्त्याने आजाऱ्याच्या घरी जायचं. आपल्याकडे डीकन आहेत, वाहनं आहेत, आणि अंथरुणाला खिळलेले सभासद मोजून अकरा आहेत. पहिल्या रविवारी दोघा-दोघांनी मिळून तीन-चार घरं घेतली तर संध्याकाळच्या आत सगळी घरं होतात. मी स्वतः जायला तयार आहे, मला फक्त परवानगी द्या.

तिसरी तक्रार सकाळच्या उपासनेची. तिथे चाळीस-पंचेचाळीसच लोक यायचे, हे तुम्ही म्हणता ते बरोबर. पण कोण यायचे ते पाहिलंत का? रात्रपाळी करून थेट येणाऱ्या नर्स यायच्या, रविवारीही कामावर जावं लागणारे यायचे, दहा वाजता घरच्या आजाऱ्याला सोडून निघू न शकणाऱ्या बायका यायच्या, आणि गर्दीत व मोठ्या आवाजात ज्यांना त्रास होतो ते म्हातारे यायचे. 'दहाला या' असं सांगितल्यावर यांतले निम्मे येऊ शकत नाहीत. बदल योग्य असला तरी तो कसा करावा, यासाठी मला सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची आठवण येते. तो वार्टबर्गच्या किल्ल्यात लपून होता, तेव्हा विटेनबर्गमध्ये त्याच्या साथीदारांनी उपासना झपाट्याने बदलली. १५२१ च्या नाताळात नव्या पद्धतीचं प्रभुभोजन झालं, पुढे मूर्ती काढण्यावरून गोंधळ झाला. ल्यूथर १५२२ च्या मार्च महिन्यात जिवाची पर्वा न करता परत आला आणि ९ मार्चपासून सलग आठ दिवस त्याने संदेश दिले. यातले बरेच बदल त्याला स्वतःलाच हवे होते. तरी तो आपल्या लोकांना म्हणाला की तुमच्याकडे विश्वास दिसतो, पण दुर्बळ भावासाठी प्रीती दिसत नाही. आई बाळाला आधी दूध देते, मग मऊ अन्न, असं त्याने समजावलं. जर्मन भाषेतली उपासनापद्धती त्याने छापली ती १५२६ साली. सगळ्या युरोपची मंडळी हलवून सोडणारा माणूस आपल्या गावच्या दुर्बळांसाठी चार वर्षं थांबला. आपल्याला सहा महिने थांबता येईल.

बुधवारची प्रार्थनासभा सहा-सात जणांची होती, म्हणून बंद केली. नवीकरणाच्या नावाने प्रार्थनासभा बंद व्हावी याचं मला सगळ्यात जास्त दुःख झालं. जर्मनीतल्या हेर्नहुट या वस्तीची गोष्ट पाळकसाहेबांनीच आम्हाला एका शिबिरात सांगितली होती. १७२२ साली मोराव्हियातून छळामुळे पळालेली काही कुटुंबं काउंट झिन्झेनडॉर्फ यांच्या जमिनीवर येऊन राहिली. पाच वर्षांत वेगवेगळ्या पंथांची माणसं तिथे जमली आणि आपसांत इतकी भांडली की वस्ती मोडायची वेळ आली. झिन्झेनडॉर्फ जमिनीचे मालक होते. हुकूम काढून सगळं मिटवता आलं असतं. ते वस्तीत राहायला आले, घरोघरी गेले, एकेकाशी बोलले. मे १७२७ मध्ये सर्वांनी मिळून एका करारावर सह्या केल्या. १३ ऑगस्टला ते एकत्र प्रभुभोजनाला बसले आणि एकमेकांची क्षमा मागत रडले. त्याच महिन्यात चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रियांनी दिवसाचा एकेक तास वाटून घेऊन प्रार्थना सुरू केली, ती शंभर वर्षांहून जास्त काळ चालू राहिली. १७३२ साली त्यांचे पहिले मिशनरी निघाले, कॅरिबियनमधल्या गुलामांकडे. आमच्याकडे बुधवारी अठ्ठेचाळीस जण नव्हते. पण तिथली एक विधवा बहीण मंडळीच्या यादीतल्या प्रत्येक कुटुंबाचं नाव घेऊन प्रार्थना करायची, आठवड्याला वीस घरं, यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. कमिटीतल्या प्रत्येकाचं नाव तिने कितीतरी वेळा घेतलं आहे. आता खोलीला कुलूप असतं म्हणून ती घरीच करते.

तरुणांबद्दल. हे सगळं तरुणांसाठी आहे, असं जाहीर झालं. मी त्यांना विचारलं. माझ्या जुन्या वर्गातल्या नऊ जणांशी बोलले, आणि त्यांतल्या एकालाही कमिटीने विचारलेलं नव्हतं. त्यांना नवे दिवे नको होते. एका मुलीने सांगितलं, "बाई, माझी नोकरी गेली तेव्हा मला कोणाशी तरी बोलायचं होतं, पण उपासना संपली की सगळे निघून जातात." एकाला शंका आहेत आणि त्या विचारल्या तर आपल्याला अविश्वासू म्हणतील अशी भीती आहे. दोघांना वाचन आणि प्रार्थना चालवायची इच्छा आहे, पण त्यांना अजून फक्त खुर्च्या लावायला सांगतात. म्हाताऱ्यांना तरुणांच्या नावाने बाजूला करायचं आणि तरुणांनाही ऐकायचं नाही, यात दोघांचंही नुकसान आहे. शिवाय मुलं मागच्या खोलीत गेल्यापासून त्यांना मोठी माणसं प्रार्थना करताना दिसत नाहीत. मी प्रार्थना करायला शिकले ती वर्गात नाही, बाकावर आईच्या शेजारी बसून, तिचे ओठ हलताना बघून.

नूतनीकरणाच्या निधीबद्दल एवढंच, की हिशेब नोटीस बोर्डावर लावा, आणि गरजू सभासदांच्या निधीतून यात काही वळवलं आहे का ते स्पष्ट सांगा. मी आरोप करत नाही. लोक विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

कमिटीतल्या एका बंधूने मला प्रेमाने म्हटलं, "बाई, तुम्ही जुन्यात अडकला आहात." मी त्यावर बरेच दिवस विचार केला. बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात बाबेलच्या बंदिवासातून परतलेले यहूदी लोक यरुशलेमेच्या मंदिराचा पाया घालतात. तरुण आनंदाने जयघोष करतात. ज्या म्हाताऱ्या याजकांनी आणि लेव्यांनी पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं ते मोठ्याने रडतात. आणि लिहिलं आहे की रडण्याचा आवाज कोणता आणि आनंदाचा कोणता हे लोकांना वेगळं ओळखता येईना. दोन्ही आवाज एकाच पायाभोवती होते. रडणाऱ्यांना कोणी घरी पाठवलं नाही. पुढे काम थांबलं, अनेक वर्षं पाया तसाच पडून राहिला. मग इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा उभा राहिला. तो विचारतो, या मंदिराचं पहिलं वैभव ज्याने पाहिलं असा तुमच्यात कोण उरला आहे? तो म्हाताऱ्यांना हाक मारतो, त्यांचं दुःख खरं आहे हे मान्य करतो, आणि मगच सगळ्यांना मिळून सांगतो की हिंमत धरा, काम करा, मी तुमच्याबरोबर आहे असं प्रभू म्हणतो. आमच्या मंडळीत ती हाक अजून कोणी दिलेली नाही.

मंडळीच्या वर्षाची रचनाही मला हेच शिकवत आली आहे. आगमनकाळात आपण वाट पाहतो. पुनरुत्थानदिनाआधी चाळीस दिवस स्वतःला तपासतो. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला, तोही आधी दहा दिवस सगळे एकत्र, एकचित्ताने प्रार्थना करत थांबले होते तेव्हा. आपण मात्र तपासणीही केली नाही आणि थांबलोही नाही, थेट घोषणा केली.

म्हणून माझ्या मागण्या साध्या शब्दांत मांडते.

येत्या पहिल्या रविवारपासून घरचं प्रभुभोजन पुन्हा सुरू करा. यासाठी कोणत्याही सभेची वाट पाहू नका, कारण त्या अकरा जणांपैकी काहींकडे फार पहिले रविवार उरलेले नाहीत. डीकन आणि नेमून दिलेले सभासद यांना हे काम वाटून द्या.

दोन महिन्यांच्या आत विशेष सभासद सभा बोलवा. नवीकरण वर्षाचा प्रत्येक मुद्दा तिथे वेगळा मांडा आणि वेगळं मत घ्या. ज्यांचं दृढीकरण, म्हणजे पूर्ण सभासद म्हणून स्वीकार, झालेलं नाही अशा तरुणांनाही बोलू द्या, जरी नियमाप्रमाणे त्यांना मत नसलं तरी. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांचं म्हणणं सभेआधी त्यांच्या घरी जाऊन लिहून आणा. थेट प्रक्षेपणाचा उपयोग त्या दिवशी जरूर करा, म्हणजे त्यांनाही सभा ऐकता येईल.

सभेपर्यंत सकाळची उपासना पुन्हा सुरू करा. पाळकसाहेबांवर दोन संदेशांचा भार नको, वडीलजन आणि तरुण मिळून वाचन व प्रार्थना चालवतील. बुधवारी खोली उघडा, किल्ली आमच्यापैकी कोणाकडेही द्या. मुलांना महिन्यातून निदान दोन रविवार पूर्ण उपासनेत आमच्यामध्ये बसू द्या. आणि निधीचा हिशेब लावा.

सभेत यातलं काही माझ्या मनाविरुद्ध ठरलं तर मी ते स्वीकारीन आणि पूर्वीसारखीच माझ्या बाकावर असेन. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला आधी आलेले पोटभर खाऊन घेत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलाने त्यांना मोठा सिद्धान्त सांगण्याबरोबर एक छोटी गोष्टही सांगितली : एकत्र जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. मी तुमच्याकडे तेवढंच मागते आहे.

पाळकसाहेब, येत्या पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर मी दारापाशी थांबणार आहे. आईच्या पलंगाजवळ दोन खुर्च्या मांडलेल्या असतील. तुम्ही स्वतः आलात तर तिला फार आनंद होईल, आणि तुम्हाला जमणार नसेल तर कोणा डीकनच्या हाती भाकर आणि प्याला द्या, मी त्यांना घर दाखवीन.

प्रभूमध्ये आपली बहीण,
संडे स्कूलची एक शिक्षिका आणि या मंडळीची सभासद